पैसो देवाचो, हिशेब कोणाचो?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, मालवणी मात्र तशीच ठेवलीय.)

आजचा एपिसोड जरा अवघड जागेचा आहे. विषय आहे चर्चचे पैसे आणि त्यावरून होणारी कोर्टकचेरी. ‘आपल्याला काय त्याचं, मी तर देवळात जातो’ असं म्हणून लगेच स्किप करू नका. जो कायदा मी सांगणार आहे तो तुमच्या गावच्या देवस्थानालाही तेवढाच लागू आहे.

आधी घरची गोष्ट सांगतो. मालवणच्या किनाऱ्यावर आमची एक छोटी वाडी आहे, नाव सांगत नाही. वाडीत एक कपेल आहे. २०१९ मध्ये वाडीने ठरवलं की कपेलाशेजारी एक हॉल बांधायचा. फेस्ताला, लग्नाला, कोणाच्या मयताला आलेल्या माणसांना बसायला जागा हवी. वर्गणी जमली, मुंबईवाल्यांनी दिली, गल्फवाल्यांनी दिली. एकूण ४ लाख ६० हजार. कमिटीचे खजिनदार होते माझे पप्पा.

मग लॉकडाऊन आला, हॉल राहिला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. ज्यांनी ती रात्र किनाऱ्यावर काढलीय त्यांना मी वेगळं काय सांगू? सकाळी कपेलाचे अर्धे पत्रे माडाच्या बागेत पडलेले होते. पाऊस तोंडावर आलेला. कमिटीतली चार माणसं उभ्या उभ्या बोलली आणि हॉलच्या पैशातून छप्पर केलं. दोन रापणकरांच्या घरांचीही कौलं उडाली होती, त्यांनाही मदत दिली. ठराव केला नाही, सभा घेतली नाही. तेव्हा कोणाला ते सुचलंही नाही.

दोन वर्षांनी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला: ‘हॉलचे पैसे खय गेले?’ त्याखाली तीन अंगठे, मग कोणीतरी डोळे फिरवणारा इमोजी टाकला. आणि मग शांतता. गावातली शांतता कशी असते तुम्हाला माहीत आहे. त्या रविवारी पप्पा मिस्साला गेले आणि पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसले.

मला भयंकर राग आला. मेसेज टाकणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला चौथीत शिकवलंय. मी पुण्याहून फोन करून त्यांच्याशी भांडलो. आज त्या भांडणाची मला लाज वाटते. का, ते शेवटी सांगतो. मधल्या काळात मी कायदा वाचला. मी वकील नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण कायदाही सावकाश वाचला की कळतो.

तर पहिला प्रश्न: चर्चचे पैसे कोणाचे?

महाराष्ट्रात १९५० पासून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. तेव्हा त्याचं नाव मुंबईचं होतं, आता महाराष्ट्राचं आहे. त्यात ‘सार्वजनिक न्यास’ कशाला म्हणायचं याच्या व्याख्येत देऊळ, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी असे शब्दच आलेत. म्हणजे चर्चची मालमत्ता फादरांची नाही, बिशपांची नाही, कमिटीची नाही. ती न्यासाची. ही सगळी माणसं ती सांभाळणारी. बँकेतला कॅशियर जसा नोटा मोजतो पण त्याच्या नसतात, तसं.

‘धर्मात सरकारने का पडायचं?’ हा प्रश्न लगेच येतो, आणि तो रास्त आहे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९५४ चा रतिलाल पानाचंद गांधी खटला. याच मुंबई कायद्याला जैन आणि पारशी न्यासांकडून आव्हान दिलं गेलं होतं. न्यायालयाने फरक केला तो असा: उपासना कशी करायची, विधी कोणते, हा त्या पंथाचा अधिकार, त्यात सरकारने हात घालायचा नाही. मालमत्तेचा कारभारही पंथानेच करायचा, पण तो कायद्यानुसार. कायद्यातली जी कलमं फार आत शिरत होती ती न्यायालयाने रद्द केली, हिशेब-तपासणीची चौकट ठेवली. थोडक्यात, मिस्सा कसा करायचा हे धर्मादाय आयुक्त सांगणार नाहीत. पण दानपेटीत किती जमलं आणि कुठे गेलं, हे ते विचारू शकतात.

आता हे सगळ्या देशात आहे असं समजू नका. बांद्याचा नाका ओलांडून गोव्यात गेलात की हा कायदा संपतो. तिथल्या देवळांचा कारभार अजून पोर्तुगीजकालीन महाजनी नियमांवर चालतो. केरळमध्ये चर्चच्या मालमत्तेसाठी असा कायदा करावा म्हणून २००९ मध्ये एक मसुदा झाला, २०१९ मध्ये दुसरा झाला. दोन्ही वेळा जोरदार विरोध झाला आणि कायदा काही झाला नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तिकडे इतकी वर्षं वाद चाललाय, ती आपल्याकडे पंचाहत्तर वर्षांपासून आहे. आणि आपल्याला तिचा पत्ता नाही!

कायदा आणि त्याखालचे नियम काय मागतात बघा. दरवर्षी हिशेब लिहायचा, त्याचं ऑडिट करून घ्यायचं. ऑडिटरने काय काय तपासायचं याची यादीच नियमात आहे. रोख शिल्लक आणि व्हाउचर जुळतात का? दुरुस्ती किंवा बांधकामाचा खर्च ५ हजारांच्या वर असेल तर निविदा मागवल्या का? जमीन विकली असेल तर परवानगी घेतली का? न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, हे कलम ३६. इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त किंवा शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची तरी लागते. विश्वस्ताच्या चुकीने न्यासाचं नुकसान झालं असं चौकशीत ठरलं, तर ती रक्कम त्या विश्वस्ताकडून वसूल करता येते. गंभीर गैरकारभार असेल तर कलम ४१ डी खाली त्याला काढता येतं.

आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडला की पहिला प्रश्न असतो: लॉग कुठे आहे? कोणाची चूक, हे नंतर. आधी काय घडलं त्याची नोंद. ऑडिट म्हणजे न्यासाचा लॉग. नोंद नसेल तर उरतात फक्त अफवा.

नोंद नसली, किंवा असून कोणी बघितली नाही, की पुढे काय होतं याची तीन उदाहरणं देतो.

पहिलं केरळचं. एर्नाकुलम-अंगमाली आर्चडायोसीझने कर्ज फेडण्यासाठी कोचीतल्या जमिनी विकल्या. अपेक्षित होते सुमारे २७ कोटी, हातात आले सुमारे ९ कोटी, अशी तक्रार. बोट थेट कार्डिनल जॉर्ज आलेंचेरी यांच्याकडे दाखवलं गेलं. कार्डिनलांनी आरोप नाकारले. मार्च २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी गुन्हा नोंदवायला सांगितलं, त्याच महिन्यात मोठ्या पीठाने त्याला स्थगिती दिली. एका साध्या श्रद्धावंताने दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद केली होती, ती मात्र टिकली. ती रद्द करा म्हणून कार्डिनल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १७ मार्च २०२३ ला तिथेही त्यांची याचिका फेटाळली गेली. याचा अर्थ ते दोषी ठरले असा नाही. याचा अर्थ एवढाच की पद कितीही मोठं असो, ‘मला विचारूच नका’ असं म्हणता येत नाही. वर्षअखेर, डिसेंबर २०२३ मध्ये, ते पदावरून पायउतार झाले. पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काय खटकलं? धर्मगुरूंमध्ये उभी फूट पडली. जमीन गेली ती गेलीच, एकमेकांवरचा विश्वासही गेला.

दुसरं उदाहरण आपल्या नागपूरला शिवून गेलेलं. सप्टेंबर २०२२. जबलपूरचे बिशप पी. सी. सिंग, तेव्हा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे मॉडरेटर, म्हणजे त्या चर्चचे प्रमुख. मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने घरावर छापा टाकला तेव्हा सुमारे १ कोटी ६५ लाख रुपये रोख सापडल्याचं सांगितलं. आरोप असा की शाळांच्या फीमधले सुमारे २ कोटी ७० लाख दुसरीकडे वळवले. छाप्याच्या वेळी ते जर्मनीत होते, परत येताना नागपूर विमानतळावर त्यांना अटक झाली. हे आरोप आहेत, निकाल म्हणून मी सांगत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही रक्कम २००४ ते २०१२ च्या दरम्यानची आहे असं तपास यंत्रणा म्हणते. छापा पडला २०२२ मध्ये. मधली दहा वर्षं हिशेब कोण बघत होतं?

तिसरं उदाहरण चोरीचं नाही, कागदाचं आहे. म्हणूनच मला ते आमच्या कपेलाच्या सगळ्यात जवळचं वाटतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यातली एक होती ब्रदरन. तिच्या गुजरातमधल्या न्यासानेही सामील व्हायचा ठराव केला. काही सभासद म्हणाले, आम्हाला मान्य नाही. मग मालमत्ता कोणाची? गुजरात आधी मुंबई राज्यातच होता, त्यामुळे तिथेही हाच १९५० चा कायदा. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००५ मध्ये न्यायालय म्हणालं, हा प्रश्न दिवाणी कोर्टाचा नाही, धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेचा आहे. २०१३ मध्ये म्हणालं, नुसता ठराव करून न्यासाचं विलीनीकरण होत नाही, कायद्यात सांगितलेली पद्धत पाळावी लागते, आणि ती पाळलेली नाही. १९७० ते २०१३. त्रेचाळीस वर्षं! ज्यांनी ठरावाला हात वर केले असतील, त्यांच्यातले किती जण निकाल बघायला उरले असतील?

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या स्वतःच्या न्यायालयाने कार्डिनल आंजेलो बेच्चू यांना पैशांच्या अपहाराबद्दल साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली. लंडनमधल्या एका महागड्या इमारतीत चर्चचा पैसा गुंतवून मोठा तोटा झाला, त्यातून हा खटला उभा राहिला. कार्डिनलांनी आरोप नाकारले आणि निकालाविरुद्ध अपील केलं. पण खटला चालला, आणि तो पोपच्या अंगणात चालला.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे बाहेरचे कायदे, चर्चला चर्चचे नियम आहेत. बरोबर. मग चर्चचे नियम वाचू. कॅथलिक चर्चचा १९८३ चा कॅनन लॉ. कॅनन ५३७: प्रत्येक पॅरिशमध्ये वित्त समिती असलीच पाहिजे, आणि तिने फादरांना कारभारात मदत करायची. कॅनन १२८७: श्रद्धावंतांनी जे दान दिलं त्याचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा. आणि कॅनन १२६७, जो वाचून मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो: ज्या कामासाठी दान दिलं, त्याच कामासाठी ते वापरायचं.

हॉलसाठी दिलेलं दान. छपरावर गेलेलं.

मी ज्या पप्पांसाठी भांडत होतो त्यांनी नियम मोडला होता. पैसे खाल्ले नव्हते, नियम मोडला होता. या दोन वाक्यांत जेवढं अंतर आहे तेवढं भरून काढायला एकच गोष्ट उपयोगी पडते: कागद.

मी घरी आलो. पप्पांनी पत्र्याच्या पेटीतून एक निळी वही आणि बिलांचा गठ्ठा काढला. तीन रात्री बसून मी सगळं एक्सेलमध्ये घातलं. छपराचा खर्च २ लाख ३५ हजार. रापणकरांना मदत ६० हजार. बँकेत शिल्लक १ लाख २३ हजार ५००. बेरीज केली तर ४१ हजार ५०० जुळेनात. पप्पा म्हणाले, मजुरी. वादळानंतर गडी मिळत नव्हते, मिळेल त्याला रोख दिले. सह्या नाहीत, पावत्या नाहीत. ते खरं बोलतायत हे मला माहीत होतं. पण मला माहीत असून काय उपयोग? मी त्यांचा मुलगा.

पप्पा म्हणाले, ‘माका चोर ठरवतत. मी भरतंय ते पैसे.’ आणि ते खरंच बँकेत जायला निघाले.

आम्ही आधी बाईंकडे गेलो. मला वाटलं होतं त्या दारातच ठेवतील. त्यांनी चहा केला. एक्सेलचा प्रिंट चष्मा लावून ओळीओळीने वाचला, चौथीचे पेपर तपासायच्या तसा. मग पप्पांना म्हणाल्या, ‘हिशेब मागलो म्हणजे तुका चोर म्हटला असा नाय हा रे. पैसो देवाचो, पण हिशेब माणसानच देवक व्हयो.’ आणि पैसे भरायची गोष्ट काढल्यावर म्हणाल्या, ‘भरू नको. आज भरलंस तर उद्या लोक म्हणतले, गावलो म्हणान भरल्यान. बिल नाय तर बिल नाय म्हणान लिव.’

पुढच्या रविवारी मिस्सानंतर सभा झाली. पप्पांनी उभं राहून सगळा हिशेब वाचला. ‘४१ हजार ५००, मजुरी, व्हाउचर नाही’ हेही वाचलं. वाचताना आवाज कापत होता. मग हॉलचे पैसे छपराला वापरल्याची नोंद इतिवृत्तात झाली. बहुतेकांनी मान्यता दिली, दोघांनी विरोध केला. त्या दोघांची नावं आणि त्यांचं म्हणणंही लिहिलं गेलं. आता सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही. एक घर आमच्याशी अजून बोलत नाही. ज्याने मुलाच्या आठवणीत हॉलसाठी पैसे दिले होते त्याला छपराची गोष्ट पटलेली नाही, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही. पण वाडीत कुजबुज थांबली. पप्पा आता मधल्या बाकावर बसतात.

मला लाज याची वाटते की मी प्रश्न विचारणाऱ्या माणसाशी भांडलो. बाईंनी तो प्रश्न २०२१ मध्येच विचारला असता तर मजुरांच्या सह्या मिळाल्या असत्या. प्रामाणिक माणसाला वाचवणारी गोष्ट म्हणजे वेळेवर विचारलेला प्रश्न. चोराला तो नको असतो हे ठीक आहे. आपण भल्या माणसांनी त्याला का घाबरायचं?

आता तुमच्यासाठी कामाचं.

पहिलं, तुमच्या चर्चची किंवा देवस्थानाची न्यास म्हणून नोंद कोणत्या नावाने आहे ते शोधा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. कधी पॅरिशची वेगळी नोंद असते, कधी मालमत्ता धर्मप्रांताच्या न्यासाखाली असते. आपल्याकडे सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झालाय, तेव्हा जुने कागद जुन्या नावावर असू शकतात.

दुसरं, आधी घरातल्या घरात विचारा. फादरांना, कमिटीला, साध्या कागदावर, तारीख घालून. ‘गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट बघायला मिळेल का?’ एवढंच. दहापैकी आठ ठिकाणी उत्तर मिळेल, असं मला आपलं वाटतं.

तिसरं, उत्तर नाही मिळालं तर जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात अर्ज करून दाखल कागदांची नक्कल मागा. त्यातही गडबड दिसली तर लेखी तक्रार करा. मालमत्ता चुकीच्या पद्धतीने विकली जाण्याचा धोका असेल तर आयुक्त मनाई करू शकतात, ते कलम ४१ ई. आणि दावाच लावायचा झाला तर कलम ५०: न्यासाशी हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती, धर्मादाय आयुक्तांच्या लेखी संमतीने. दोन माणसं पुरतात! पैसे खाल्ल्याचा पुरावाच हातात असेल तर पोलिसांकडे जा, नव्या भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताच्या गुन्ह्याचं कलम ३१६ आहे.

चौथं, आणि हे मी हात जोडून सांगतो: व्हॉट्सॲपवर नाव घेऊन ‘खाल्ले’ असं लिहू नका. प्रश्न विचारा, आरोप करू नका. प्रश्नाला कागद उत्तर देतो. आरोपाला माणूस उत्तर देतो, आणि मग भांडण पैशाचं राहत नाही.

आणि तुम्ही स्वतः कुठल्या उत्सवाचे, मंडळाचे, कपेलाचे खजिनदार असाल तर आजच्या आज एक काम करा. फोनमध्ये एक फोल्डर उघडा. दिलेल्या प्रत्येक रुपयाच्या पावतीचा फोटो त्यात टाका. पावती नसेल तर ज्याला पैसे दिले त्याची साध्या कागदावर सही घ्या. अर्धा मिनिट लागतं. माझ्या पप्पांकडे २०२१ मध्ये ते अर्धं मिनिट नव्हतं.

हॉलचा पाया अजून खणलेला नाही. पण नवीन वर्गणी सुरू झालीय आणि नवीन खजिनदार बाई आहेत. पहिली पावती पप्पांच्या नावाची आहे, क्रमांक १. खाली बाईंच्या अक्षरात लिहिलंय: फक्त हॉलसाठी.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि पावती घ्या.